तीन बोटांचा दगड

दगड जागेवर नव्हता.

जांभळाच्या ढोलीखाली मी तो चार दिवसांपूर्वी ठेवला होता. नारळाएवढा, एका बाजूनं सपाट, आणि त्या सपाट बाजूवर चुन्याची तीन बोटं ओढलेली. आता तिथं दगडाच्या मापाचा ओला खळगा तेवढा राहिला होता. ढोलीचं तोंड कुऱ्हाडीनं मोठं केलेलं. मी आत कोपरापर्यंत हात घातला. पोळ्यांचे बुडखे लागले. बाकी सगळं खरवडून नेलं होतं, माश्यांसकट.

मी तशीच उतार उतरून शिवादादाच्या परड्यात गेले. शिवराम माझा चुलत भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याच्या आणि आमच्या परड्यामध्ये निवडुंगाची एक ओळ, एवढंच अंतर. तो उकिडवा बसून पोळ्याचे तुकडे लाकडी चौकटीत बसवत होता आणि केळीच्या सोपटानं बांधत होता. पोळं माझ्या ढोलीतलं. माश्या त्याच्या मनगटावरून चालत होत्या. त्यानं मान वर केली नाही.

"ढोलीखाली दगड होता," मी म्हणाले.

"होता की."

"दिसला तरी काढलंस?"

"एक बोट तुझ्या बापाचं. दोन बोटं आमची. वाडीतल्या सगळ्यांची बोटं मला पाठ आहेत." त्यानं सोपटाची गाठ दातानं आवळली. "तीन बोटांचं घर कुठलं ते सांग, आत्ता नेऊन पोचवतो."

त्याची बायको दारात बसून तांदूळ निवडत होती. ती हसली. मोठ्यानं नाही. मोठ्यानं हसली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

आमच्या हिरडवाडीत रानातलं मोहोळ असंच ठरायचं. ज्याला ढोली आधी दिसेल त्यानं खाली दगड ठेवायचा, त्यावर आपल्या घराच्या खुणेची बोटं ओढायची, आणि मग वर्षभर त्या ढोलीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी बापाचं एक बोट ओढलं असतं तर शिवादादा त्या जांभळाखालून मान खाली घालून गेला असता. मी तीन ओढली. ती कुठल्याच घराची नव्हती. माझी होती.

*

*पेटी क्र. १४. माश्या सहा चौकटी. पिल्लं चार चौकटी. मेलेली पिल्लं दारासमोर, मूठभर. राणी दिसली.*

प्रत्येक पेटीच्या झाकणाखाली असं एक कार्ड असायचं. पेटी उघडली की एक ओळ लिहायची. लिहायची मी, कारण आबांच्या, माझ्या वडिलांच्या, दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं आणि मुलगा त्यांना नव्हता. बाकीच्या पेट्यांची कार्डं पुढं मी चुलीत घातली. चौदा नंबरचं ठेवलं. त्याला तीस वर्षं होऊन गेली. ओळी त्यावरूनच उतरवते आहे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. नांदायला गेले होते आणि दोन वर्षांनी परत आले होते. का, ते या गोष्टीत नाही.

त्या वर्षी सातेरीवर रोग आला होता. सातेरी म्हणजे आमच्या डोंगरातली, पेटीत राहणारी माशी. पिल्लू आपल्या घरातच मरायचं, आणि चिमट्यानं उचललं तर पाण्यानं भरलेली इवलीशी पिशवी हाती यायची. वाडीत एकशे दहा पेट्या होत्या. दिवाळीपर्यंत एक उरली. आमची, चौदा नंबरची. इतर पेट्यांतल्या माश्या मेलेल्या पिल्लाला कवटाळून बसत. चौदाच्या माश्या त्याच्या घराचं झाकण फोडत, त्याला ओढत दारापर्यंत आणत आणि खाली टाकत. नुसतं आजारी असलं, थोडी धुगधुगी असली, तरी टाकत. सकाळी पेटीपुढं मुंग्यांची रांग लागलेली असे. म्हणून त्या जगल्या. आबांचं म्हणणं होतं की या वाणाच्या राण्या निघाल्या तर वाडी पुन्हा भरेल, आणि नाही निघाल्या तर पेट्यांची खुराडी करून कोंबड्या पाळाव्या.

आणि मग ती जांभळाची ढोली. रोगातून जगलेलं दुसरं मोहोळ. ते मला सापडलं होतं.

आबा ओटीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तीन का ओढलीस?"

"एक तुमचं. दोन त्यांची. मग माझी तीन."

"मुलीचा दगड धरत नाहीत, छबे. धरला तर ती नांदायला गेली की ढोली तिच्यामागं परगावी जाते."

"मी नांदून आले."

"म्हणून तर म्हणतो, एकच ओढायचं होतंस."

सहा वर्षं तुमच्या पेट्या कुणी बघितल्या, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले की बघणं वेगळं आणि असणं वेगळं. मग जेवायला वाढ म्हणाले. मी वाढलं.

*

शिवादादाच्या पेटीत कार्ड नव्हतं. असतं तर ओळी अशा असत्या:

*जुन्या पेटीत नवं मोहोळ. पेटी धुतली नाही.*

*बाविसाव्या दिवशी शेवटची माशी.*

ज्या पेटीत रोगानं एक वसाहत मेली, ती उकळत्या पाण्यानं धुऊन महिनाभर उन्हात टाकायची असते. हे त्याला ठाऊक होतं. पण माझ्या हातून काढून घ्यायची घाई होती, त्यात पाणी तापवायला कोण थांबतो.

तो पेटी उलटी करून आपटत होता तेव्हा मी निवडुंगाजवळ जाऊन उभी राहिले. म्हणाले, तीन बोटांच्या माश्या दोन बोटांच्या घरात नाही जगल्या.

त्यानं खाली वाकून मेलेल्या माश्यांची ओंजळ भरली आणि कुंपणावरून माझ्या अंगावर टाकली.

"तुझ्या आहेत ना? पूर मग."

त्यानंतर दोन महिने आम्ही समोरासमोर बोललो नाही. पण तो बोलत होता. आपल्या परड्यात उभा राहून बायकोला मोठ्यानं विचारायचा, ही पेटी सांभाळते का पेटी हिला सांभाळते? आणि पाणवठ्यावर म्हणाला की चौदा नंबरच्या माश्या आजारी पिल्लू दारासमोर टाकतात ना, तशी हिला सासरच्यांनी टाकली. हे ऐकलेल्या तिघी बायका एकेक करून माझ्याकडं आल्या आणि प्रत्येकीनं ते मला सांगितलं. प्रत्येकीनं थोडं वेगळं सांगितलं. वरचं मी तिन्हींतून जुळवलेलं आहे.

*

*पेटी क्र. १४. राणी दिसली नाही. अंडी नाहीत. राणीघरं नऊ. तिसऱ्या चौकटीवर आठ, पाचव्या चौकटीवर एक.*

शिमग्याच्या आधीचा आठवडा. म्हातारी राणी मेली होती.

राणी मेली की माश्या थांबून राहत नाहीत. अगदी कोवळी पिल्लं निवडतात, त्यांना वेगळं चारतात, आणि त्यांच्याभोवती लांबट घर बांधतात. पोळ्याच्या कडेला खाली तोंड करून लटकतं, भुईमुगाच्या शेंगेसारखं. आतून जी पहिली बाहेर पडते ती राणी. ती सगळ्यात आधी बाकीची घरं फोडते आणि आतल्या बहिणींना नांगी मारते. तिच्या आधी आपण पोचलो तर मात्र एकेक राणीघर सुरीनं कापून घेता येतं आणि थोड्या माश्यांसोबत दुसऱ्या पेटीत लावता येतं. म्हणजे नऊ राणीघरं, नऊ पेट्या. वर्षभरात त्यांच्या तीस.

मी आबांना आकडा सांगितला. तासाभरात तो वाडीत सगळ्यांना ठाऊक होता. मला न विचारता त्यांनी वाटणी केली होती: दोन चौदा नंबरला, एक निघाली नाही तर दुसरी असावी म्हणून. बाकीची ज्याची पेटी धुऊन तयार असेल त्याला. आणि त्यांतलं पहिलं शिवरामला.

"त्यालाच का?"

"माझ्यामागं या परड्याला दोनच बोटं उरणार आहेत."

"माझ्या हातातली पेटी आहे ती."

"म्हणून तर कापायची तूच. तुझ्यासारखा हात वाडीत नाही." हे ते मनापासून म्हणाले. "गुरुवारी काप. शनिवारपर्यंत काही निघत नाहीत."

*

*गुरुवार.*

इथं एक ओळ खोडलेली आहे. पेन्सिलीनं, कार्ड फाटेपर्यंत.

शिवादादा सगळ्यांच्या आधी, बाराच्या सुमारास आला. डोक्यावर पेटी. उकळत्या पाण्यानं धुतलेली, उन्हानं फळ्या पांढऱ्या पडलेल्या, सांध्यांत मेण भरलेलं. या वेळी त्यानं काहीच बाकी ठेवलं नव्हतं. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. पेटी अंगणात उतरवली आणि गोणपाट ओटीवर आपटलं. आतून माझा दगड निघाला. चुना पुसट झाला होता, पण बोटं मोजता येत होती.

"हा घे तुझा," तो म्हणाला. "काल देवळात ठरलं. तीन बोटं तुझी धरायची. मीच म्हटलं धरा बाबांनो, नाहीतर हिचा राग माझ्या नातवंडांना पुरेल."

आबांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

"पाया पडायला आलो नाही मी," शिवादादा मला म्हणाला. "सरळ सौदा आहे. तुझा दगड मी धरला. आता माझी राणी दे."

"राणी नाही."

"म्हणजे?"

"पहाटे एक आधीच निघाली. तिनं बाकीची फोडली."

तो माझ्याकडं बघत राहिला. पंचवीस वर्षं माश्यांत घालवलेला माणूस. ओठ हलवून त्यानं दिवस मोजले.

"अजून दोन दिवस होते."

"माश्यांनी तुझं पंचांग बघितलं नसेल."

"चौकट दाखव."

मी जागची हलले नाही. तो पेटीकडं निघाला. तेवढ्यात आबांनी हात पुढं केला.

"छबे, ती तिसरी चौकट इकडं आण. मी बघतो."

"तुम्हाला दिसतंय कुठं, काका," शिवादादा म्हणाला.

"बोटांना दिसतं."

मी चौकट आणली. वाटेत माश्या झटकल्या. शिवादादा वाकून बघायला आला तसे आबा ओटीवर सरकून पाठमोरे झाले आणि त्यांनी चौकट मांडीवर आडवी घेतली. उजव्या हाताचं पहिलं बोट पोळ्याच्या खालच्या कडेवर ठेवलं. ते सरकत पहिल्या राणीघराशी आलं आणि थांबलं. तिथं बराच वेळ होतं. नंतरच्या सातांवरून ते न थांबता गेलं.

"राणीनंच फोडलीत," आबा म्हणाले.

त्यांनी तळहात चौकटीवर पसरला.

"जा, शिवराम. चौदाची राणी अंडी घालायला लागली की पहिली चौकट तुला देईन. माझा शब्द."

शिवादादानं पेटी पुन्हा डोक्यावर घेतली. मग दगड उचलला. मला वाटलं, परत नेतो. तो एका हातानं डोक्यावरची पेटी सावरत चौदा नंबरपर्यंत गेला आणि दगड तिच्या दारापुढं ठेवला, सपाट बाजू वर करून.

"ठरलं ते ठरलं," तो म्हणाला. "मी काही तुझ्यासारखा नाही."

तो गेल्यावर दुपारभर माणसं आली. प्रत्येकाकडं धुतलेली पेटी. प्रत्येकाला आबांनीच सांगितलं.

शेवटचा माणूस गेला तेव्हा चौकट अजून त्यांच्या मांडीवर होती.

"राणी बगलेतून भोक पाडते, छबे. हे खालून चिमटलंय. अंगठा आणि बोट."

मी ओटीच्या पायरीवर बसले.

"आठही?"

"आठही."

"नववं?"

"पाचव्या चौकटीवर आहे. बंद आहे अजून."

त्यांनी चौकट माझ्या हातात दिली. मग हात धोतराला पुसले, सावकाश, एकेक बोट. माझ्या बाजूनं त्यांनी वाडीत शब्द टाकला तो तेवढाच.

खोडलेली ओळ अशी होती: *जास्तीची राणीघरं मोडली.* चांगल्या वर्षी ही ओळ प्रत्येक कार्डावर असते. वसाहत फुटून जाऊ नये म्हणून एक ठेवायचं आणि बाकीची चिमटायची, हे रोजचंच काम. सकाळी आठ वाजता काम झाल्यावर मी सवयीनं ती लिहून गेले होते.

*

*शनिवार. राणी निघाली. तांबूस, चपळ.*

*

नवी राणी आयुष्यात एकदा-दोनदा बाहेर पडते. भर उन्हात, दुपारी. वर आभाळात नरांना भेटते आणि परत येते. त्यानंतर मरेपर्यंत पेटीतच.

आठव्या दिवशी ती दारात आली. मी बारा वाजल्यापासून पेटीपुढं फणसाखाली बसून होते. आमच्या परड्यावरून विजेची तार जात होती आणि तारेवर चार वेडे राघू बसले होते. ते नेहमीच असत. दिवसाला पंचवीस-तीस माश्या खात, आणि कामकरी माश्या पंचवीस-तीस गेल्या तर पेटीला पत्ता लागत नाही.

राणी दाराच्या फळीवर चालत पुढं आली. उडाली, पेटीकडं तोंड करून हवेत दोनदा डावी-उजवीकडं झुलली. परतीची खूण अशीच डोळ्यांत भरून घेतात. मग वर गेली.

तारेवरून एक राघू सुटला. वळसा घेऊन परत बसला. चोचीत काहीतरी होतं, ते त्यानं दोनदा तारेवर आपटलं.

ती कामकरी माशी असू शकते. नर असू शकतो. खालून ओळखता येत नाही.

मी हाताला लागलं ते उचललं आणि फेकलं. ते बांधावरून खाली घळीत गेलं आणि किती तरी वेळ खडकांवर वाजत राहिलं. राघू उठले, परत बसले. मी ऊन जाईपर्यंत त्या दाराकडं बघत होते. माश्या येत होत्या, जात होत्या. पायांना पिवळा पराग लागलेला. त्यांचं काही अडलं नव्हतं.

*

*पेटी क्र. १४. राणी नाही. एकेका घरात तीन-तीन अंडी.*

*पेटी क्र. १४. फक्त नर.*

दुसरी राणी करायला कोवळं पिल्लू लागतं. तोपर्यंत पेटीत एकही उरलं नव्हतं. सगळ्यांच्या माश्या झालेल्या. फार दिवस राणी नसली की कामकरी माश्या स्वतःच अंडी घालायला लागतात. त्यांतून निघतात ते सगळे नर. नर मध आणत नाही, पोळं बांधत नाही. आहे ते खातो. अशा वेळी शेजारच्या पेटीतून एक चौकट मागून आणायची असते, कोवळ्या पिल्लांची. शेजारी कुणाचीच भरलेली पेटी नव्हती.

शिवादादा एकदा आला. न विचारता झाकण उघडलं, दोन चौकटी वर काढल्या, ठेवल्या, झाकण लावलं. माझ्याकडं बघितलंही नाही. वाडीत त्यानं सांगितलं की चौदालाही रोगच लागला. तेच त्यानं आयुष्यभर सांगितलं. पुढं परगावाहून नव्या वसाहती आल्या, तेव्हा त्या आणणाऱ्यांनाही तेच सांगितलं. गेल्या वर्षी तो वारला. त्याला खरं ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. एवढंच, की त्या दिवसापासून निवडुंगापलीकडून टोमणे यायचे थांबले. शिवीसुद्धा कधी आली नाही.

चैत्र लागल्यावर आबा म्हणाले, मला पेटीपाशी ने. मी हात धरून नेलं. ते पेटीशेजारी मातीत बसले, कान फळीला लावला आणि बोटाच्या पेरानं एकदा टकटक केलं. राणी असलेली पेटी अशा वेळी एकदा गुणगुणते आणि लगेच गप्प होते. ही गप्प होईना. कण्हल्यासारखी घोंगावत राहिली. आबा ते थांबेपर्यंत कान लावून होते. थांबायला फार वेळ लागला.

"आठांतलं एक त्याच्याकडं असतं," ते म्हणाले, "तर आज जाऊन मागता आलं असतं."

"त्यानं दिलं नसतं."

"दिलं असतं. चार शिव्या घालून दिलं असतं."

उठण्यासाठी त्यांनी जमिनीवर हात टेकला. तो पेटीच्या दारापुढं चाचपडत गेला, काहीतरी शोधत. मातीतल्या खळग्यापाशी थांबला.

"इथं दगड होता."

"फेकला."

"कुणावर?"

"राघूवर."

त्यांनी तळहात त्या खळग्यात ठेवला, मापून बघावं तसा.

"लागला?"

"नाही."